सरासरीत हरवलेली वस्ती

(नभोवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



'तज्ज्ञांची समिती' हे शब्द कानावर पडले की आपल्यापैकी बरेच जण रेडिओचा आवाज कमी करतात. समिती नेमली, समितीला मुदतवाढ मिळाली, अहवाल आला, अहवाल कपाटात गेला, हे आपल्याला आता पाठ झालं आहे. आज मी याच विषयावर बोलणार आहे, तेव्हा आवाज तेवढा कमी करू नका, ही विनंती.

मी अर्थशास्त्रज्ञ नाही. बी.ए.ला मराठी घेतलं आणि पुढे कविता लिहीत राहिलो. पण आपल्या गावात रस्ता कुठून जाईल, शाळा कितवीपर्यंत असेल, दवाखाना कोणत्या बाजूला उभा राहील, हे बऱ्याचदा कुणीतरी, कधीतरी, दूर कुठेतरी बसून मांडलेल्या एका कोष्टकावरून ठरतं. ते कोष्टक कसं मांडतात हे समजून घेण्याचा हक्क कवीलाही आहे आणि हातगाडीवर केळी विकणाऱ्यालाही आहे.

कवीची खोड अशी की तो शब्दापासून सुरुवात करतो. या कोष्टकांचा राजा म्हणजे 'सरासरी' हा शब्द. तो आपल्या मराठीत फारसीतून आला. मूळ अर्थ 'या टोकापासून त्या टोकापर्यंत'. उर्दूत त्याचा एक सख्खा भाऊ आहे, 'सरसरी'. सरसरी नजर म्हणजे वरवरची, घाईची नजर. म्हणजे एकाच घराण्यातल्या या दोन शब्दांपैकी एकाचा अर्थ सगळीकडे पोचलेला, आणि दुसऱ्याचा नीट कुठेच न थांबलेला. तज्ज्ञ समित्यांचं यश आणि अपयश या दोन अर्थांमध्ये मावतं.

आमच्या भागात एका हिशेबनिसाची गोष्ट सांगतात. कुटुंबकबिला घेऊन तो नदीकाठी आला. ठिकठिकाणी काठी बुडवून त्यानं पाण्याची खोली मोजली, मुलाबाळांची उंची मोजली, दोन्हींची सरासरी काढली आणि म्हणाला, चला, काही भीती नाही. पलीकडे गेल्यावर पाहतो तर धाकटी मुलं नाहीत. त्यानं पुन्हा हिशेब केला. हिशेब बरोबरच होता. या गोष्टीला लोक हसतात. हसावं, पण हेही लक्षात घ्यावं की त्याच्या बेरीज-भागाकारात काहीच चूक नव्हती. चुकलं ते एवढंच, की ज्याला बुडण्याचा धोका होता त्याला त्यानं वेगळं मोजलं नाही.

आता महाराष्ट्राकडे येऊ. संयुक्त महाराष्ट्र होण्याआधी, १९५३ साली, नागपूर करार झाला. विदर्भ आणि मराठवाडा मागे पडू नयेत, हा त्यातला एक मोठा हेतू. राज्य झालं, वीस-बावीस वर्षं गेली, आणि तक्रार सुरू झाली की विकास एका बाजूला जास्त होतो आहे. तक्रार खरी की खोटी, हे मोजायचं कुणी? १९८३ साली सरकारनं एक सत्यशोधन समिती नेमली. अध्यक्ष होते प्रा. वि. म. दांडेकर. नीलकंठ रथ यांच्याबरोबर भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडणारे तेच दांडेकर. समितीनं १९८४ साली अहवाल दिला आणि मराठी राजकारणाला एक नवा शब्द मिळाला: अनुशेष. अनु म्हणजे मागून, शेष म्हणजे उरलेलं. जे द्यायचं राहून गेलं ते.

समितीची रीत समजायला सोपी होती. रस्ते, सिंचन, ग्रामीण वीज, शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, जमीन सुधारणा आणि पशुवैद्यकीय सेवा अशी क्षेत्रं घेतली. प्रत्येकात राज्याची सरासरी काढली. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याची तेवढी तूट. ती भरून काढायला लागणारा पैसा म्हणजे त्याचा अनुशेष. एकूण आकडा निघाला सुमारे ३ हजार १८७ कोटी रुपये. त्यात विदर्भाचा वाटा साधारण ३९ टक्के, मराठवाड्याचा साधारण २४ टक्के, आणि उरलेल्या महाराष्ट्राचा ३७ टक्के.

या कामाचं मोल कमी समजू नये. त्याआधी 'आमच्यावर अन्याय झाला' असं म्हटलं की 'छे, कुठे झाला?' असं उत्तर येत असे. दांडेकरांनंतर तो वाद आकड्यांवर आला. आकड्यांशी भांडता येतं, तपासता येतं. पुढे १९९४ साली घटनेच्या ३७१(२) या कलमाखाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळं आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. मधल्या काळात निर्देशांक व अनुशेष समितीनं १९९४ सालचा अनुशेष पुन्हा मोजला, तेव्हा तो १४ हजार कोटींच्या घरात गेला होता.

पण या रीतीत एक गोष्ट दडलेली होती. मोजण्याचं एकक होतं जिल्हा. जो जिल्हा सरासरीच्या वर, त्याचा त्या क्षेत्रातला अनुशेष शून्य. मग त्या जिल्ह्याच्या एखाद्या कोपऱ्यात काहीही असो.

उदाहरण घ्या जुन्या ठाणे जिल्ह्याचं. एका टोकाला मुंबईला चिकटलेली कारखान्यांची शहरं, दुसऱ्या टोकाला जव्हार आणि मोखाडा. दोघांची मिळून सरासरी काढली तर ती कुणाचीच नसते. ती ना ठाणे शहराची, ना जव्हारच्या आदिवासी पाड्याची. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. मुंबईपासून इतक्या जवळ असं कसं झालं, असं लोक विचारत होते. अंतर जवळ होतं, पण जिल्ह्याच्या आकड्यात तो पाडा दिसत नव्हता. २०१४ साली पालघर हा वेगळा जिल्हा झाला. पाडे जिथे होते तिथेच राहिले. फक्त ज्या आकड्यानं त्यांना भागायचं, तो बदलला.

आमच्या बाजूलाही हेच झालं. १९९८ साली अकोल्यातून वाशीम वेगळा निघाला, १९९९ साली परभणीतून हिंगोली. एका रात्रीत हजारो गावांची सरासरी बदलली. विहिरीचं पाणी तेवढंच, शाळेच्या भिंतीचा पोपडा तसाच. कागदावर मात्र ते गाव कालच्यापेक्षा जास्त किंवा कमी मागास ठरलं.

श्रोतेहो, आता दिल्लीची एक समिती. मार्च २००५ मध्ये पंतप्रधानांनी न्या. राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. भारतातल्या मुसलमानांची सामाजिक, आर्थिक आणि शैक्षणिक स्थिती काय आहे, हे पाहायचं होतं. अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. त्यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ आरडाओरडा झाला, पण वाचला थोड्यांनी. त्यात साधे आकडे होते. २००१च्या जनगणनेनुसार देशात साक्षरता ६५.१ टक्के, मुसलमानांत ५९.१ टक्के. आमची मुलं मदरशातच जातात असं ज्यांना वाटत होतं, त्यांना समितीनं दाखवलं की शाळेच्या वयाच्या मुलांपैकी जेमतेम तीन-चार टक्केच मदरशात जातात. आणि रस्ते, शाळा, दवाखाने यांबद्दल तर फार महत्त्वाचं सांगितलं. मुस्लिम वस्ती मोठ्या प्रमाणात असलेल्या लहान गावांपैकी सुमारे एक तृतीयांश गावांत कसलीच शिक्षणसंस्था नाही. आणि तशा मोठ्या गावांपैकी सुमारे ४० टक्के गावांत वैद्यकीय सोय नाही.

म्हणजे प्रश्न केवळ माणसांचा नव्हता, जागेचाही होता. माणूस कोणत्या वस्तीत राहतो, यावर त्याच्या दाराशी काय येतं ते ठरत होतं. या सात जणांत एकही बाई नव्हती, हेही त्या वेळी अनेकांनी बोलून दाखवलं, आणि ते बरोबर होतं. कारण शाळा घरापासून किती लांब आहे, हा प्रश्न बापापेक्षा आईला जास्त नेमका कळतो.

त्यानंतर सरकारनं अल्पसंख्याकांची वस्ती लक्षणीय असलेले आणि मागे पडलेले ९० जिल्हे निवडले. महाराष्ट्रातले चार: बुलढाणा, वाशीम, हिंगोली आणि परभणी. २००८-०९ पासून या जिल्ह्यांसाठी बहुक्षेत्रीय विकास कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाड्या, शाळाखोल्या, वसतिगृहं, आरोग्य उपकेंद्रं, घरकुलं, पिण्याचं पाणी. यादी चांगली होती. पण एकक पुन्हा जिल्हा! जिल्ह्यात पैसा आला म्हणजे वस्तीत आला असं नाही. सरकारी जागा जिथे मोकळी, तिथे इमारत. जिथे आमदारांचा, सभापतींचा आग्रह, तिथे रस्ता. ज्यांच्या नावानं जिल्हा निवडला, त्यांचा मोहल्ला दाटीवाटीचा. तिथे अंगणवाडीपुरतीही मोकळी जागा नसते. ही अडचण सरकारच्याही लक्षात आली. पुढच्या पंचवार्षिक योजनेत, २०१३ साली, जिल्हा सोडून ७१० विकासगट आणि ६६ शहरं धरली गेली. २०१८ साली याच कार्यक्रमाचं नाव प्रधानमंत्री जन विकास कार्यक्रम झालं.

योगायोग पाहा. त्याच २०१३ साली महाराष्ट्रात विजय केळकर समितीनं राज्याच्या समतोल विकासाचा अहवाल दिला. त्यात एक मुख्य सूचना अशी होती की विकासातली तूट मोजताना जिल्हा नव्हे, तालुका धरावा. जिल्ह्यापासून तालुक्यापर्यंत यायला दांडेकरांपासून केळकरांपर्यंत २९ वर्षं लागली.

आणि पुढे? २०१५ साली नियोजन आयोग गेला, नीती आयोग आला. जानेवारी २०१८ मध्ये देशातले मागे पडलेले जिल्हे निवडून आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू झाला. ११२ जिल्हे. महाराष्ट्रातले चार: गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि त्या वेळचं उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव. वाशीम दोन्ही याद्यांत आहे, हे आपल्या ध्यानात आलंच असेल. पाच वर्षांनी, जानेवारी २०२३ मध्ये, याच धर्तीवर ५०० आकांक्षित विकासगटांचा कार्यक्रम जाहीर झाला. म्हणजे तिसऱ्यांदा तोच प्रवास. आधी जिल्हा, मग तालुका.

गंमत अशी, की तालुक्याच्या पातळीवर नियोजन करावं हे तज्ज्ञांनी फार आधी सांगून ठेवलं होतं. मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. मो. ला. दांतवाला यांच्या कार्यगटानं १९७८ सालीच विकासगट पातळीवरच्या नियोजनाची रूपरेषा दिली होती. तेव्हा हे कुणाला सुचलं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. मग आपण पुन्हा पुन्हा जिल्ह्यापासूनच का सुरुवात करतो?

एक कारण प्रामाणिक आहे. जिल्ह्याचे आकडे तयार मिळतात, तालुक्याचे मिळवावे लागतात, आणि वस्तीचे तर कुणीतरी पायी जाऊन गोळा करावे लागतात. त्यात २०११ नंतर जनगणनाच झाली नाही. २०२१ची लांबली, आणि आता २०२७ची जाहीर झाली आहे. मधल्या काळात ज्या वस्त्या वाढल्या, त्या हिशेबात कुठे धरायच्या?

दुसरं कारण तेवढं प्रामाणिक नाही. एकक जेवढं मोठं, तेवढी वाटणाऱ्याला मोकळीक जास्त. 'जिल्ह्याला इतके कोटी दिले' हे वाक्य सभेत टाळ्या घेतं. 'अमुक मोहल्ल्यातल्या मुलींसाठी आठवीचा वर्ग काढला' या वाक्याला टाळ्या पडत नाहीत, आणि तो वर्ग निघाला नाही तर लगेच उघडं पडतं.

आठवीच्या वर्गाचं उगाच बोललो नाही. आमच्या तालुक्याच्या गावात उर्दू शाळा सातवीपर्यंत आहे. पुढची शाळा हमरस्त्याच्या पलीकडे, अडीच किलोमीटरवर. तालुक्याच्या कोष्टकात पाहिलं तर माध्यमिक शाळा पुरेशा दिसतात. आमच्या गल्लीत मात्र सातवी हीच पुष्कळ मुलींची शेवटची इयत्ता होती. मुलींना शिकायचं नव्हतं असं नाही, आईबापांचा विरोध होता असंही सरसकट नाही. ट्रकांच्या रांगेतून रस्ता कुणी ओलांडून द्यायचा, हा प्रश्न होता. शेवटी गल्लीतल्या बायकांनीच वर्गणी काढून एक ॲटो ठरवला. पहिल्या वर्षी त्यात सहा मुली बसल्या. बागवानांची एक, अत्तारांच्या दोन, मोमिनांच्या तीन. हे कोणत्याही योजनेत नाही. कोणत्याही अहवालात ते येणार नाही.

त्याच शाळेतल्या एका बाजींना मी विचारलं, मोजणीला माणसं येतात ना आपल्याकडे? त्या म्हणाल्या, ''येतात ना भाई. पण दुपारी येतात. तेव्हा बायका कापूस वेचायला गेलेल्या असतात. दाराला कडी. ते कागदावर काहीतरी लिहितात आणि जातात.''

मी त्या मोजणी करणाऱ्या पोराला दोष देत नाही. त्याला दिवसाला अमुक घरं पुरी करायची असतात. पण तज्ज्ञ समितीच्या बैठकीत जो तक्ता पडद्यावर दिसतो, त्याच्या तळाशी अशी बंद दारं असतात, हे समितीनं विसरू नये एवढंच.

तज्ज्ञांविषयी तक्रारीचाच सूर लावायचा नाही मला. आपल्याकडे धनंजयराव गाडगीळ होऊन गेले. पुण्याच्या गोखले संस्थेचे प्रमुख असताना त्यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे शेतकऱ्यांना, आणि शेतीबाहेरच्या लोकांनाही, प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष काय लाभ झाला याची पाहणी केली. ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. कालवा किती मैल लांब, एवढं मोजून ते थांबले नाहीत. कालव्यानं माणसाच्या आयुष्यात काय बदललं, हे त्यांनी मोजलं. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. म्हणजे ज्या मुलखाचा अभ्यास केला, तिथल्या कामाला खांदाही दिला. हेच गाडगीळ पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, आणि राज्यांना केंद्राची मदत कशी वाटायची याचं त्यांचं सूत्र १९६९ पासून लागू झालं. त्यात ६० टक्के भार लोकसंख्येला होता. पण १० टक्के सरासरीपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या राज्यांसाठी, आणि आणखी १० टक्के राज्याच्या खास अडचणींसाठी राखून ठेवले होते. ज्यानं गाव पाहिलं आहे, त्याला ठाऊक असतं की प्रत्येक सूत्रात थोडी जागा मोकळी ठेवावी लागते. सूत्रात न बसणारी माणसं असतातच.

तालुका हा तरी शेवटचा मुक्काम आहे का? नाही. तालुक्यातही एक बाजारपेठ असते आणि एक गावकुसाबाहेरची वस्ती असते. उद्या गाव हे एकक धरलं तरी गावात वरची आळी आणि खालची आळी राहणारच. एकक कितीही लहान करा, मोजणारा तिथे जाऊन दोन घटका बसला नाही तर नजर सरसरीच राहील. दुसऱ्या बाजूनं हेही खरं, की सगळंच वस्तीवर सोपवलं तर धरण, महामार्ग, मोठं रुग्णालय यांचा विचार कोण करणार? त्यासाठी उंचावरून पाहणारी माणसं लागतातच. समितीही हवी आणि तिचा पाय जमिनीवरही हवा.

मग आपण काय मागावं? माझ्या मते तीनच गोष्टी. समिती नेमताना तिचं मोजण्याचं एकक काय, हे पहिल्या दिवशी जाहीर व्हावं. कारण अर्धा निकाल तिथेच लागतो. दुसरं, समितीत ज्या मुलखाबद्दल ठरायचं तिथली दोन-तीन माणसं असावीत, आणि त्यांत निदान एक बाई असावी. शिक्षिका असेल, परिचारिका असेल, अंगणवाडी सेविका असेल. आणि तिसरं, अहवालात प्रत्येक तालुक्यासाठी सोप्या मराठीत एक पान असावं. तुमच्याकडे काय आहे, काय कमी आहे, आम्ही ते कसं मोजलं. ते पान पंचायत समितीत, नगरपालिकेत, मशिदीजवळच्या चौकात, देवळाच्या पारावर लावावं. चुकलं असेल तर लोक सांगतील. आपल्याकडचे लोक फुकटचा सल्ला द्यायला कधी मागे राहिलेले नाहीत.

घटनेत जिल्हा नियोजन समितीची तरतूद आहे. तिचे किमान चार पंचमांश सदस्य पंचायती आणि नगरपालिकांतल्या निवडून आलेल्या लोकांमधून यावेत, असं २४३ झेडडी हे कलम सांगतं. म्हणजे ज्याला तुम्ही मत दिलं, त्याला हे प्रश्न विचारायची वाट आहे. ती फारशी वापरली जात नाही, एवढंच.

जाता जाता पुन्हा शब्दांकडे वळतो. 'जिल्हा' हा शब्द अरबीतून आला. तिथे त्याचा मूळ अर्थ बरगडी, बाजू. 'तालुका'सुद्धा अरबीतलाच. त्याचं मूळ 'तअल्लुक', म्हणजे संबंध, नातं. आणि 'मोहल्ला' म्हणजे मुक्काम, उतरण्याची जागा. प्रवासी जिथे उंटावरून उतरून पाठ टेकतो, ती. नियोजन वरून निघून बरगडीपर्यंत पोचलं, हे चांगलं झालं. नात्यापर्यंत यायला त्याला पन्नास वर्षं लागली. मुक्कामावर ते कधी उतरतं, याची आमच्या गल्लीतल्या मुली वाट पाहत आहेत. सध्या त्या ॲटोनं जातात. यंदा त्या नऊ झाल्या आहेत, आणि ॲटोत जागा सहांचीच आहे.